लिफ्टवाल्याचं बाळंतपण

जिना चढून वर आला की तो आधी भिंतीला तळहात टेकायचा, मान खाली घालायचा आणि कोणी काही विचारायच्या आत सांगून टाकायचा, "दमलो नाय, सिस्टर. थांबलोय फक्त."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला वर जाताना लिफ्ट कधीच मिळत नाही, हे त्याला बघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो येणार म्हणजे ती बंदच असणार. पायांनी चढायचं आणि काम झालं की लिफ्टने उतरायचं, असा त्याचा उलटा धंदा. परळ, लालबाग, दादर या भागात जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्ट अजून टिकून आहेत. तशा एखाद्या इमारतीत तुम्ही राहत असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. बुटका, खांद्यांनी रुंद, नीट कातरलेली दाढी, खिशात टेस्टर. काम करताना तो लिफ्टशी बोलायचा. बंद पडली म्हणायचा नाही, रुसली म्हणायचा. "चल गं बाय, बायका खोळंबल्यात," असं म्हणत बटण दाबायचा आणि ती हलली की आमच्याकडे असा बघायचा, जणू भांडून माहेरी गेलेल्या सुनेला त्यानेच परत आणलंय.

मी परळच्या एका खासगी प्रसूतिगृहात सिस्टर आहे. अर्ध्या पेशंट बाळंतपणाच्या, अर्ध्या मूल होत नाही म्हणून आलेल्या. जागा तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे लिफ्ट बंद पडली की आमच्या मॅडमचं डोकं फिरायचं आणि त्याला फोन जायचा. अशी आमची वर्षानुवर्षांची ओळख. त्याला चहा द्यायचा, तो बशीत ओतून प्यायचा, घोडपदेवच्या आपल्या चाळीच्या दोन गोष्टी सांगायचा आणि जायचा. त्यापलीकडे मला त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही काही वाटलं नव्हतं.

एके दिवशी ओपीडी चालू असताना बघते तर तो बाकावर बसलेला. अंगात इस्त्रीचा शर्ट. शेजारी फ्रॉकातली, गोरी, चष्मेवाली बायको. मी म्हटलं, "अरे, लिफ्ट चालू आहे आज."

"लिफ्टसाठी नाय आलो."

मी समजले. बायकोकडे बघून हसले. "या ना आत. केव्हापासून ट्राय करताय?"

बायको उठली नाही. तोच उठला. आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "सिस्टर, पेशंट ती नाय. मीच."

मला वाटलं, तपासणी नवऱ्याची करायची असेल. पुष्कळदा नवऱ्यातच दोष असतो आणि तो मान्य करणारा असा एखादाच. मी कौतुकाने म्हटलं, "छान केलंस. चल."

मॅडमच्या समोर बसल्यावर त्याने सगळं सांगितलं. सांगण्याची सवय असलेल्या माणसासारखं, सपाट आवाजात. जन्म मुलीचा. विशीनंतर पुरुष म्हणून राहायला लागला. दर महिन्याला हार्मोनचं इंजेक्शन. छातीचं ऑपरेशन झालेलं. गर्भपिशवी काढायची राहून गेली होती. आधी वडील आजारी पडले, मग वडील गेले, मग ते तसंच मागे पडलं. बायकोचं नाव फिलोमिना, सगळे फिलो म्हणायचे. दादरच्या ख्रिस्ती घरातली, एका शाळेच्या बालवर्गावर शिकवणारी. तिला मोठ्या गाठी झाल्या होत्या. पिशवी आणि बीजकोश दोन्ही काढावे लागले होते. दत्तक घ्यायचं तर कागदोपत्री यांचं लग्नच नव्हतं, आणि फिलोच्या एकटीच्या नावावर घ्यायचं तर रांग कित्येक वर्षांची.

"आमच्या घरात मिळून एकच पिशवी शिल्लक आहे," तो म्हणाला, "ती माझी. तर म्हटलं, विचारून बघावं."

फिलो टेबलाच्या कडेकडे बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, मी त्याला नको म्हणाले होते. खरंच नको म्हणाले होते."

"तिला बालवर्गात चाळीस पोरं आहेत," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी आली की गप्प बसते. तुम्ही बघा एकदा, गप्प बसलेली."

मी त्याच्याकडे परत बघितलं, हे कबूल करते. इतकी वर्षं बघितलेला माणूस, पण परत बघितलं. तो तसाच होता.

मॅडम शांत बाई. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "होऊ शकतं. इंजेक्शनं बंद करावी लागतील. बहुतेकांची पाळी काही महिन्यांनी परत सुरू होते. बीजं आत असतातच. पण खात्री देत नाही. आणि ते महिने तुम्हाला सोपे जाणार नाहीत." मग चष्मा चढवून म्हणाल्या, "कायद्याची अडचण वेगळी आहे. पुरुष दात्याचं बीज घ्यायचं तर नव्या कायद्यात जोडपं चालतं किंवा एकटी बाई चालते. तुमच्यासारख्यांचं नावच नाही त्यात. तुमच्या आधार कार्डावर काय आहे?"

"बाई. जुनंच नाव. बदलायला टाकणारच होतो आता."

"मग टाकू नका. मूल होईपर्यंत तरी."

तो हसला. त्याचं ते हसू आमच्या लिफ्टच्या वेळचं नव्हतं. "म्हणजे ज्या बाईला मारायला एवढी वर्षं घातली, तिला अजून जगवायची."

दाराशी गेल्यावर तोच वळून म्हणाला, "जगवतो."

पाळी परत यायला बरेच महिने गेले. मध्ये तो लिफ्टच्या कामाला आला होता, पण लिफ्टशी बोलला नाही. मशीन रूममधून खाली आला, भिंतीला हात टेकला आणि म्हणाला, "आली परत." एखादी नको असलेली पाहुणी बॅग घेऊन दारात उभी राहावी, तसा चेहरा. पुढे म्हणाला, "रडायला येतं सिस्टर, काय पण कारण नसताना. काल शिवाजी पार्कला एका म्हाताऱ्याच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू करून दिली. तो थँक यू म्हणाला. मी जिन्यात बसून रडलो."

"हार्मोन रे ते."

"माहीत आहे. माहीत असून येतं."

आमच्याकडे पेशंटला नावाने हाक मारायची पद्धत. पहिल्या वेळी कागदावरचं नाव बघितलं आणि माझ्या तोंडून ते निघेना. बाकावर सात-आठ बायका, त्यांच्या सासवा, आणि हा दाढीवाला. मी उठून बाकापाशी गेले आणि त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. मी खांद्याला हात लावायचा, तो उठायचा. पुढे एकदा म्हणाला, "तुमच्या इथे मला नावच नाय, ते बरं वाटतं." म्हणून इथेही लिहीत नाही.

पण सगळं काही आमच्या इथे होत नव्हतं. रक्त तपासायला बाहेर, सोनोग्राफीला बाहेर. प्रत्येक ठिकाणी खिडकीतला माणूस कार्ड बघायचा, वर बघायचा आणि म्हणायचा, "मिसेसना पाठवा." हा म्हणायचा, "मीच." तो म्हणायचा, "अहो, लेडीजचं कार्ड आहे." हा म्हणायचा, "हो, मीच." मग मागची रांग पुढे वाकून बघायची. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन यायचा तेव्हा तोंडावर धूळ बसल्यासारखा दिसायचा. "आज किती वेळा मीच झालास?" असं मी विचारायचे. तो बोटं मोजायला घ्यायचा आणि अर्ध्यात सोडून द्यायचा.

दात्याचं बीज आत सोडल्यावर पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले. फिलोला मीच फोन करून सांगितलं. मग मागे बालवर्गाचा गलका ऐकू आला आणि तिचं म्हणणं, "गप्प बसा रे, गप्प बसा, मिसला ऐकू येत नाही."

तो काम सोडायला तयार नव्हता. मी रागावले. म्हटलं, "गच्चीवर चढतोस, शाफ्टमध्ये वाकतोस, अशा दिवसांत."

"घरी बसून काय करू? घरी बसलो की आतमध्ये ऐकत बसतो."

तिसरा महिना संपता संपता, एका दुपारी दादरच्या इमारतीत काम करताना त्याच्या पोटात कळ आली आणि रक्त जायला लागलं. वॉचमनने टॅक्सीत बसवून जवळच्या एका इस्पितळात नेलं. त्याने मला फोन केला तेव्हा बराच वेळ गेलेला होता. आवाज अगदी नेहमीचा.

"सिस्टर, मी मूळव्याधीच्या लायनीत बसलोय."

मला कळेचना. "काय?"

"पोटात दुखतंय, रक्त जातंय बोललो. त्यांनी इकडे बसवलं."

"अरे, सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. पोटात मूल आहे बोललो. डॉक्टर हसला." मागे कोणाचा तरी नंबर पुकारला. "मग मी पण हसलो. सवय आहे ना."

मी तशीच कॅप काढून निघाले. पोचले तेव्हा तो बाकावर पुढे वाकून बसला होता आणि त्याच्या खाकी पँटकडे बघून मला समजलं की आता घाई करून उपयोग नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईंना मी बाजूला घेऊन सांगितलं. धावल्या बिचाऱ्या, स्ट्रेचर आणलं, पडदे ओढले. वाईट माणसं नव्हती ती. त्यांना दिसलंच नव्हतं.

नंतर मॅडमनी त्याला समजावलं की एवढ्या दिवसांचं मूल पडायला लागलं की ते कुणालाच थांबवता येत नाही. आधी बघितलं असतं तरी वाचलं नसतं.

"वाचलं नसतं, ठीक आहे," तो म्हणाला. "पण त्या टायमाला कोणी तरी हळहळायला पाहिजे होतं ना, मॅडम. मूळव्याधीला कोण हळहळतं?"

मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. जाळीचं दार त्याने नेहमीसारखं हलक्या हाताने ओढलं, आत उभा राहिला आणि बटण दाबलं नाही. "दमलोय, सिस्टर," म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला.

मला वाटलं होतं, संपलं. कोणीही सोडून दिलं असतं. फिलोने तर इंजेक्शनची नवी बाटली आणून कपाटात ठेवली होती आणि त्याला म्हणाली होती, घे, पुरे झालं. त्याने घेतली नाही. काही महिने तो ना इकडचा ना तिकडचा असा राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "एकदा परत घेतलं की परत सोडायची ताकद नाय माझ्यात. आता सोडलेलंच आहे तर अजून एकदा बघतो. हिंमत बिंमत काय नाय, सिस्टर. नुसतं उठून परत बसण्याचा कंटाळा."

पुढल्या वर्षी परत दिवस राहिले. या वेळी आमच्यापैकी कोणी पेढे मागितले नाहीत. तो यायचा, मी खांद्याला हात लावायचे, मॅडम ठोके ऐकवायच्या, तो डोळे मिटून ऐकायचा आणि जायचा. लिफ्टच्या कंत्राटदाराला त्याने हर्नियाचं ऑपरेशन सांगून रजा टाकली. लालबागला ते दोघं भाड्याने राहायचे, तिथल्या शेजाऱ्यांनी त्याच्या पोटाचा अर्थ आपल्या परीने लावला. समोरच्या काकूंनी फिलोला सांगितलं, त्याचा रात्रीचा भात बंद कर, किती सुटलंय ते. चहावाला म्हणाला, "भाऊ, बियर कमी कर." हे सांगताना तो इतका हसायचा की पोट धरायचा आणि पोट धरलेलं लक्षात आलं की गप्प व्हायचा. मे महिन्याच्या उकाड्यात वडिलांचे जुने ढगळ शर्ट घालून, आत बनियन, वर जाकीट. घामाने निथळत बाकावर बसलेला असायचा. मी पंखा त्याच्या दिशेने वळवायचे. शेजारच्या पोटुशा बायका नाराज व्हायच्या. "सिस्टर, आम्हाला पण वारा लागतो."

त्याच सुमारास त्याची आई आली.

घोडपदेवच्या चाळीत एकटी राहणारी मालवणी बाई, मिलच्या कँटीनमध्ये आयुष्य गेलेलं. त्याने पुरुष व्हायचं ठरवलं तेव्हा तिने काही वर्षं अबोला धरला होता आणि मग तो सोडलाही होता. चतुर्थीला तो तिच्याकडे जायचा, हंडी-पातेली घासून द्यायचा. पण ही बातमी तिला फिलोने सांगितली होती, त्याला न विचारता. ती सरळ आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली. हातात स्टीलचा डबा. बाकावर त्या वेळी फिलोशिवाय दुसरं कोणी नव्हतं, मी मात्र टेबलाशी होते. तिला त्याची पर्वा नव्हती.

"तुका म्हायत आसा मां," ती म्हणाली, "मी कितकी वर्सां 'तो' म्हणूक शिकलंय? माझां चेडू गेलां म्हणान रडलंय. मगे मनाक सांगलंय, झील गावलो. चाळीत सगळ्यांका सांगलंय, ह्यो माझो झील. आतां काय सांगू? झिलाक दिवस गेले?"

तो पायाकडे बघत म्हणाला, "काय नको सांगू, आये. तू दमलीस सांगून. मी पण दमलोय."

"दमाक काय झालां? सातवो म्हयनो ना? पायांका सूज आसा?"

"आहे थोडी."

"दाखव."

त्याने पँटचा पाय वर केला. तिने अंगठ्याने घोटा दाबून बघितला, जसा मी दाबते तसाच. मग फिलोकडे वळून म्हणाली, "आणि ह्येच्या बाळंतपणाचां कोण करतला? तुका शेक-शेगडी तरी म्हायत आसा?"

फिलो म्हणाली, "नाही, आई. तुम्ही शिकवा."

त्या बाईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग डबा उघडून त्याच्या पुढ्यात धरला. कुळथाची पिठी होती आणि वर घट्ट भात. "खा आधी. निवली."

तो खात असताना ती त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करत होती. शर्ट तिच्या नवऱ्याचा होता.

सिझेरियनचा दिवस आधीच ठरवला होता. थिएटरमध्ये जाण्यापूर्वी त्याने एकच विचारलं, "आतमध्ये सगळे मला काय म्हणणार?" मॅडमनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याला बसवून पाठीत सुई देताना म्हटलं, "भाऊ, पाठ जरा वाकवा." तो माझ्या खांद्यावर कपाळ टेकून वाकला आणि त्याचं सगळं अंग सैल झालं. भूल अजून चढायची होती.

मुलगी झाली. बारकी, लांब बोटांची, रागावलेली. मी त्याच्या तोंडाजवळ नेली. त्याने नाक तिच्या डोक्याला लावून श्वास घेतला आणि सोडायचाच विसरला. मला सांगावं लागलं, "अरे, श्वास सोड."

बाहेर आजीने विचारलं, "काय झालां?"

"मुलगी."

"आतां चेडू म्हणूया," ती म्हणाली. "मोठां झाल्यावर ता काय आसा ता ताच सांगात."

तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं आणि पिशवीतून जुन्या लुगड्याच्या दुपट्यांची घडी काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या काखेत दोन्हीकडे गाठी आल्या. दुखून हात वर होईना. घाबरला. "हे काय नवीन आता?"

मी हात लावून बघितला. छातीचं ऑपरेशन झालं तरी कडेला थोडं काही उरतं. "दूध आलंय रे."

"कुठे?"

"यायला जागा नाही, तरी आलंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला, टाके दुखतात म्हणून पोटावर उशी धरून हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. "काय पण शरीर आहे, सिस्टर. एवढं मारलं त्याला, एवढं कापलं, तरी पोरीसाठी शोधत आलं." मी थंड पाण्याच्या घड्या काखेत ठेवल्या. पलीकडे फिलो खुर्चीत बसून बाटलीने दूध पाजत होती. ती उठली आणि बाटली पोरीच्या तोंडात तशीच ठेवून तिने तिला त्याच्या उघड्या छातीवर निजवलं. पोरीला काही फरक पडला नाही. ती चोखत राहिली.

जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून त्याचं जुनं नाव लागलं. वडिलांचा रकाना मोकळा. त्याने ते वाचलं आणि फिलोकडे दिलं. "इकडे मी आई आणि बाप कोणीच नाय. घरी मी बाप आणि तू आई. पोरगी शाळेत गेल्यावर काय सांगायचं?" फिलो म्हणाली, तेव्हाचं तेव्हा. तो म्हणाला, "तेव्हा पण मलाच सांगायला लागणार ना."

टाके काढायला आला तेव्हा आजीची शेगडी, शेपूची भाजी, ओव्याचा धूर या सगळ्याच्या तक्रारी सांगून गेला. त्या वेळी तो पूर्वीसारखा वाटला. मग पोरीच्या डोसाला यायचा. मग एका डोसाच्या वेळी तिघंही आले आणि फिलो पोरीला घेऊन आत गेल्यावर तो माझ्या टेबलाशी उभा राहिला. ते वसईच्याही पुढे राहायला जाणार होते. तिकडे नव्या टॉवरच्या लिफ्टचं काम मिळालं होतं. इंजेक्शनं परत सुरू केली होती आणि कार्ड बदलायला टाकलं होतं.

"तिकडे आम्हाला कोण ओळखत नाय," तो म्हणाला. "नवरा, बायको, पोरगी. बस. कोणाला काय सांगायला नको."

"बरं झालं."

तो टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला. "सिस्टर, राग नका मानू. कुठे रस्त्यात भेटलो तर ओळख देऊ नका."

मी हातातलं डोसाचं कार्ड खाली ठेवलं.

"पोरगी विचारणार, ही मावशी कोण. मग एक खोटं, मग दुसरं. तिला मी सांगणार आहे सगळं, पण माझ्या टायमाने. तोपर्यंत कोणी भेटलं नाय तर बरं. एवढी वर्षं नुसतं समजावत आलोय सगळ्यांना. आता जरा नाय समजावणार."

"नाही देणार ओळख," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत माझ्या हातून किती पोरं झाली असतील. त्यांचे आईबाप मला विसरलेच आहेत, रस्त्यात बघतात आणि पुढे जातात. तसंच असतं ते. पण विसरण्याआधी परवानगी मागणारा हा एकच. त्या दिवशी ओपीडी संपल्यावर मी बाकावर जाऊन बसले आणि पंखा आपल्याकडे वळवून घेतला.

त्यानंतर आमची जुनी लिफ्ट काढून स्टीलच्या दाराची नवी बसवली. ती बंद पडत नाही. तिच्या कंपनीचा माणूस येतो, मोबाइलकडे बघत काम करतो आणि जातो. आजी घोडपदेवला आहे की मुलाकडे गेली, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. चौकशी म्हणजे सुद्धा एक प्रकारे ओळख देणंच.

या वर्षी एका रविवारी संध्याकाळी मी दादरला बहिणीकडे गेले होते. परतताना शिवाजी पार्कच्या कट्ट्याकडेने चालले होते. क्रिकेटचं नेट संपवून पोरं किट ओढत चालली होती. समोरून तो येत होता. दाढी पूर्वीपेक्षा दाट, अंगाने भरलेला, चालण्यात घाई नाही. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. तिची पाठ माझ्याकडे, दोन वेण्यांपैकी एक सुटलेली, पायात एकच सँडल. दुसरी त्याच्या हातात. फिलो मागे लांब, भेळवाल्यापाशी उभी होती.

त्याने मला बघितलं. मी बघितलं की त्याने बघितलं. मी कबूल केल्याप्रमाणे नजर मैदानाकडे नेली आणि चालत राहिले.

तो थांबला. मी अगदी जवळ आले तेव्हा, काही तरी आठवल्यासारखा, सावकाश वळला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

त्यामुळे पोरीचा चेहरा माझ्या समोर आला. त्याच्या खांद्यावर गाल दाबला जाऊन ओठ उघडे पडलेले, कपाळाला घामाने चिकटलेले केस, भुवया त्याच्यासारख्या, डाव्या गालावर सुकलेली चटणी. झोपेत तिने एकदा गिळल्यासारखं केलं. मी माझ्या चपलेचा पट्टा नीट करायला वाकले, तो नीटच होता, मग उभी राहून परत बघितलं.

फिलोने लांबून त्याला हाक मारली. मग पुन्हा मारली. तो हलला नाही.